नोकरदार सूतिका आणि स्तन्यरक्षण

कोपर परिसरात वैद्यकी करताना एक मागणी आम्हाला वारंवार ऐकावी लागते. बाळ चार-साडेचार महिन्यांचे झालेले असते, वजन उत्तम वाढत असते, मातेचे स्तन्य विपुल असते आणि तरीही घरातील वडीलधारी मंडळी तिला घेऊन येतात व सांगतात, "वैद्य, पुढच्या सोमवारपासून हिला कामावर जायचे आहे. दूध आटवायचे काहीतरी द्या." मातेचा चेहरा पाहिला की तिच्या मनात तसे नाही हे ध्यानात येते; परंतु दुसरा मार्ग तिला कोणी सांगितलेला नसतो. काही वैद्यबंधू अशा वेळी स्तन्यनाशक योजना लिहून मोकळे होतात. काही जण त्याऐवजी शतावरी कल्पाचा डबा देतात व "दूध कमी पडणार नाही" असे आश्वासन देतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे आमचे मत आहे. पहिल्याने बालकाचे हक्काचे अन्न विनाकारण जाते. दुसऱ्याने मुख्य प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न चौथ्या-पाचव्या महिन्यातच का उद्भवतो, याचे गणित सोपे आहे. मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. यांपैकी ८ आठवड्यांपर्यंत रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ज्या स्त्रीने ती पूर्ण घेतली, तिच्या हाती प्रसूतीनंतर १८ आठवडे उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. केवळ स्तन्यावर सहा महिने आणि पूरक आहारासह दोन वर्षे व पुढेही स्तन्यपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आपण सर्वच जण रुग्णांना सांगतो. चार आणि सहा यांमधील हे दोन महिने कसे काढावयाचे, हे मात्र सांगत नाही. ज्यांना रजेचाच लाभ नाही, अशा घरकाम करणाऱ्या, कंत्राटी सफाई करणाऱ्या किंवा लहान दुकानांत उभ्या राहणाऱ्या स्त्रिया तर दीड-दोन महिन्यांतच कामावर जातात.

त्यात आमच्या भागाचा प्रवास. कोपर स्थानकावरून स्लो लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचण्यास सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. अप्पर कोपरवरून भिवंडी-वसईकडे जाणाऱ्यांना गाड्या थोड्या, त्यामुळे एक चुकली की पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते. डोंबिवलीलाच भरून आलेल्या डब्यात शिरणे म्हणजे काय, हे येथील वाचकांस सांगावयास नको. सकाळी साडेसातला निघालेली माता सायंकाळी साडेसातला परतते. बारा तास स्तन भरलेले, डब्यात चहूबाजूंनी दाब आणि ब्लाउज भिजण्याची धास्ती. अशा स्थितीत पंधरा दिवसांत स्तन्य घटले, तर त्याचा दोष तिच्या प्रकृतीस देणे योग्य नाही.

शास्त्र काय म्हणते? आहाराचे सम्यक् पचन झाल्यावर निर्माण होणाऱ्या रसाचा मधुर प्रसादभाग सर्व देहातून स्तनांत येतो, ते स्तन्य, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. त्याच ठिकाणी बालकाचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि त्याला जवळ घेणे यांनी स्तन्य प्रवृत्त होते, असे म्हटले असून अखंड स्नेह हे त्या प्रवृत्तीचे कारण मानले आहे. शारीरस्थानात क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो, असे वर्णन आहे. आधुनिक शारीरक्रियेतील ऑक्सिटोसिनचे कार्य याहून निराळे नाही: बाळाच्या रडण्याच्या आवाजानेही पान्हा फुटतो व चिंता, लज्जा आणि वेदना यांनी तो रोधला जातो. दुसरा भाग प्रोलॅक्टिनचा. स्तन जितका रिता होईल, तितके स्तन्य पुन्हा तयार होते; भरलेला राहिला तर स्तनातच तयार होणारे अवरोधक घटक निर्मिती मंदावतात. म्हणजे स्तन्याची मागणी बालकाने किंवा हाताने नोंदवली पाहिजे. बारा तास मागणीच झाली नाही, तर कोणतेही द्रव्य तिची जागा घेऊ शकत नाही.

येथे शतावरीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या औषधालयांत सूतिकांसाठी सर्वाधिक खपणारे कल्प शतावरीचेच असतात. सुश्रुताचार्यांनी स्तन्यवर्धनासाठी सांगितलेल्या यादीत शतावरी आहे, विदारीकंद आहे. त्याचबरोबर गहू, साठेसाळी, लसूण, शिंगाडा, मासे, मांसरसही आहेत, आणि या सर्वांआधी सौमनस्य आहे. चरकाचार्यांच्या स्तन्यजनन महाकषायात मात्र शतावरी नाहीच. वीरण, शाली, षष्टिक, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश अशी बहुतांशी तृणमुळे आहेत. ही गोष्ट अनेक पदवीधर वैद्यांच्याही विस्मरणात गेलेली दिसते. शतावरी देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. रसक्षय असलेल्या, कृश, जेवणाची आबाळ होणाऱ्या मातेस आम्ही ती देतो, शक्यतो चूर्ण दुधात सिद्ध करून. कारण दाणेदार कल्पांत साखरेचे प्रमाण मोठे असते आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांची संख्या आता थोडी नाही. परंतु ज्या मातेला दुपारी स्तन रिते करण्यास दहा मिनिटे मिळत नाहीत, तिला शतावरी देणे म्हणजे निचरा बंद असलेल्या विहिरीत पाणी ओतण्यासारखे आहे. अग्नी मंद असेल तर हाच गुरू, स्निग्ध कल्प आमवृद्धी करतो, हे निराळेच.

आणखी एक आक्षेप शास्त्राच्या आधाराने घेतला जातो व त्याचे निराकरण आवश्यक आहे. क्षुधित, शोकार्त, श्रांत, ज्वरित इत्यादी स्त्रियांचे स्तन्य पाजू नये, असे सुश्रुतवचन आहे. त्यावरून "दिवसभर दमून आलेल्या बाईचे दूध तापलेले असते, बाळाला बाधते" असा समज घराघरांत रूढ झाला आहे, आणि तो सांगणाऱ्यांत काही वैद्यही आहेत. एक लक्षात घ्यावे, हे वचन धात्रीच्या विवेचनात आले आहे. धात्री बदलता येते, क्षणभर थांबवता येते, दुसरी आणता येते. माता बदलता येत नाही. शिवाय श्रांत अवस्था ही तात्कालिक आहे. तिची चिकित्सा विश्रांती, जल आणि अन्न ही आहे, स्तन्यत्याग ही नव्हे. आम्ही मातांना सांगतो, की घरी आल्यावर हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, पेलाभर कोमट पाणी किंवा पेज घ्यावी, दहा मिनिटे टेकून बसावे आणि मग बाळास घ्यावे. दूध 'काढून टाकण्याची' काहीही आवश्यकता नाही.

मात्र त्याच शारीरस्थानातील दुसरे एक वचन या मातांच्या बाबतीत अतिशय उपयोगी आहे व ते फारसे सांगितले जात नाही. न पिळता अतिशय भरलेला स्तन तसाच बालकास दिला, तर दुधाच्या लोंढ्याने त्याची स्रोतसे भरून जातात आणि कास, श्वास, वमन होते. सायंकाळी आलेल्या मातेचे बाळ स्तनास लागताच ठसकते, तोंड बाजूला करते, रडते; आणि आजी म्हणते, "बघा, दूध बाधले." प्रत्यक्षात तो केवळ वेग असतो. प्रथम थोडे दूध हाताने वाटीत काढून कडा सैल केल्या, की बाळ शांतपणे पिऊ लागते. वाटीतील दूध उद्याच्या साठ्यास जाते, वाया जात नाही.

आता दूध काढून ठेवण्याविषयी. आपल्या वैद्यवर्गातून येणारा प्रश्न असा असतो: फ्रीजमध्ये ठेवलेले दूध पर्युषित नाही का? ताजे स्तन्य व साठवलेले स्तन्य समान आहे, असा दावा आम्ही करणार नाही. शीत साठवणीत त्यातील काही जिवंत घटक कमी होतातच. पण तुलना कशाशी करावयाची? माता घरी नसताना पर्याय उरतो तो भुकटीचा अथवा पशुदुग्धाचा. स्तन्याच्या अभावी शेळीचे किंवा गाईचे दूध वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे खरे, पण ती अभावातील सोय आहे. शेळीच्या दुधात फोलेट अत्यल्प असते व केवळ त्यावर वाढवलेल्या बालकांत पांडू उत्पन्न होतो, हे आज ज्ञात आहे. एक वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, हेही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अकाली जन्मलेल्या, अत्यंत नाजूक बालकांना तेथे दुसऱ्या मातांचे काढलेले, प्रक्रिया केलेले व साठवलेले दूध दिले जाते. तेथे जे बालकास तारते, ते घरी स्वतःच्या मातेचे असताना त्याज्य कसे ठरेल?

कामावर रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा, शक्यतो सकाळच्या पाजण्यानंतर दूध काढण्याचा सराव करावा. हाताने काढणे प्रत्येक मातेस शिकवावे. पंप बिघडतो, घरी विसरतो, हात विसरत नाहीत. हात स्वच्छ धुऊन अंगठा वर व बोटे खाली अशी काळ्या वर्तुळाच्या किंचित बाहेर ठेवावीत, प्रथम छातीकडे दाब द्यावा, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. त्वचेवरून बोटे घासू नयेत, चुचुक ओढू नये. आरंभी एक-दोन मिनिटे काहीच येत नाही, नंतर थेंब व मग धार लागते. आधी कोमट पाण्याचा शेक, खांद्यांना व पाठीस किंचित कोमट तिळतेलाचा हात आणि बाळाचे छायाचित्र अथवा त्याचे झबले जवळ असणे, यांचा निश्चित उपयोग होतो. दर्शन व स्मरण यांविषयीचे सुश्रुतवचन येथे अक्षरशः अनुभवास येते. एका बँकेत काम करणाऱ्या आमच्या रुग्णेला पंप लावूनही दूध येत नसे. तिने भ्रमणध्वनीवर बाळाच्या हुंकाराचे ध्वनिमुद्रण ऐकत प्रयत्न केला आणि चौथ्या दिवसापासून अडचण उरली नाही.

प्रमाणाविषयी मातांच्या मनात विलक्षण भीती असते. एक ते सहा महिन्यांचे बालक चोवीस तासांत सरासरी ७५० मिलीलीटरच्या आसपास स्तन्य घेते. माता बारा तास बाहेर असेल, तर साधारण ३५० ते ४०० मिलीलीटर पुरते, एका वेळी ६० ते १२० मिलीलीटर. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत ४०-५० मिलीलीटरच निघाले, म्हणून हताश होऊ नये. अनेक बालके दिवसा कमी घेऊन रात्री अधिक पितात. त्यामुळे रात्रीचे पाजणे तोडण्याचा सल्ला निदान या काळात देऊ नये. निघण्यापूर्वी एकदा, आल्याबरोबर एकदा, कामाच्या ठिकाणी दर तीन-साडेतीन तासांनी एकदा दूध काढणे आणि रात्री मागेल तेव्हा पाजणे, हा क्रम बहुतेकींना झेपतो. सुट्टीच्या दिवशी बाळ आणि माता, मधे काही नको.

साठवणीचे जे नियम पुस्तकांत असतात, ते थंड देशांतील खोल्यांचे असतात, ही गोष्ट आपण विसरतो. २५ अंश सेल्सिअसपर्यंत काढलेले दूध बाहेर चार तास राहते. आमच्या खाडीकाठच्या दमट उकाड्यात, मे महिन्यात, ३० अंशांच्या आसपास तीन-चार तासांहून अधिक भरवसा धरू नये. डब्यातील व फलाटावरील उष्णता त्याहून अधिकच. म्हणून दुपारी काढलेले दूध कार्यालयातील फ्रीजमध्ये ठेवावे आणि परतताना बर्फाच्या थैलीसह शीतपिशवीत आणावे. बर्फ टिकून असेल, तर अशा पिशवीत चोवीस तासांपर्यंत चालते. पिशवी विकत घेणे शक्य नसल्यास आधी बर्फाने गार केलेला रुंद तोंडाचा थर्मास काम भागवतो. फ्रीजमध्ये आतील बाजूस, दारात नव्हे, चार दिवस. बर्फाच्या स्वतंत्र कप्प्यात सहा महिन्यांपर्यंत. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये व चोवीस तासांत वापरावे. बाळाने उष्टे केलेले दोन तासांनंतर टाकावे. कोमट पाण्यात वाटी ठेवून ऊब आणावी; गॅसवर उकळणे अथवा मायक्रोवेव्ह वर्ज्य. वीज तासन्‌तास गेली असेल, तर वास घेऊन निर्णय करण्यापेक्षा टाकून देणे बरे. साठवलेल्या दुधावर साय वेगळी होते, कधी साबणासारखा वास येतो. तो त्यातील मेदपाचक विकरामुळे असतो आणि ते दूध नासलेले नसते. ही एक गोष्ट आजीला आधीच सांगून ठेवली नाही, तर अर्धा साठा मोरीत जातो.

आजीला सांगावयाचे आणखी एक आहे. दूध वाटी-चमच्याने पाजावे. बोंडले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण त्याच्या चोचीचा आतील भाग नीट घासला जात नाही व तेथे दूध आंबते. वापरायचेच असेल, तर दर वेळी उकळावे. बाटलीची सवय लागलेले बालक अनेकदा स्तनाकडे पाठ फिरवते, कारण तेथे श्रम करावे लागतात. आणि नाचणीचे सत्त्व चौथ्या महिन्यात सुरू करण्याची घाई नको. ती घाई मातेच्या रजेपायी होते, बाळाचा अग्नी त्यास तयार झालेला नसतो.

स्तनरोगांबाबत सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाचा सतरावा अध्याय पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे. स्तनविद्रधी आम असो, विदाही असो वा पक्व, स्तनाचे निर्दोहन सतत करावे, असे तेथे स्पष्ट आहे. शस्त्रकर्म करताना दुग्धवाहिनी व चुचुकाचा कृष्ण भाग टाळावा, हेही. प्रवासात दाबल्या गेलेल्या स्तनात गाठ, लाली व ज्वर घेऊन आलेल्या मातेस "त्या बाजूने पाजू नका" असे सांगणे शास्त्राला धरून नाही. आजच्या ज्ञानाने एवढी पुस्ती जोडावी, की पाजणे नेहमीप्रमाणे चालू ठेवावे, जोरात मर्दन व अतिरेकी पंपिंग करू नये, थंड पट्टी ठेवावी आणि चोवीस तासांत ज्वर उतरला नाही किंवा पू झाल्याची शंका आली, तर शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यास विलंब लावू नये.

कामाच्या ठिकाणचा प्रश्न औषधाने सुटणारा नाही. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन वेळा स्तन्यपानासाठी सुट्टी, ही तरतूद १९६१ च्या कायद्यातच होती. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर व मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा, ही २०१७ ची भर. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून या तरतुदी आता तिच्यात आहेत. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया प्रसाधनगृहात उभ्याने दूध काढून टाकतात. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या गवळणीच्या नावाने 'हिरकणी कक्ष' हा सुंदर शब्द महाराष्ट्रात रूढ झाला, एसटीच्या स्थानकांवर व कार्यालयांत पाट्याही लागल्या. पण पाटीमागे काय असते? डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे सुमारे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या अधिवेशनास आल्या, तेव्हा विधानभवनात कक्ष उभा करण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात मात्र तेथील कक्षात धूळ व असुविधा असल्याची तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. लोकप्रतिनिधीची ही कथा, तर कंत्राटी कामगार स्त्रीने कोणाकडे पाहावे? आम्ही अलीकडे व्यवस्थापनास उद्देशून एक साधे प्रमाणपत्र देतो: 'सदर माता स्तन्यपान करीत असून तिला दिवसातून दोन वेळा आडोशाची स्वच्छ जागा व फ्रीजचा वापर आवश्यक आहे.' नोंदणी क्रमांकासह दिलेल्या या कागदाने काही ठिकाणी खरोखर दार उघडले आहे. खर्च एका लेटरहेडचा.

औषधालयाच्या मालकांसाठी दोन गोष्टी. शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांविषयीचा १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, या वस्तूंची जाहिरात, मोफत नमुने व विक्री वाढविण्यासाठी दिलेली प्रलोभने यांस मनाई करतो. भुकटीचा डबा गल्ल्याजवळ मांडून त्यावर सवलतीची चिठ्ठी लावणे हे त्यातच येते, आणि कंपनीच्या प्रतिनिधीकडून भेटवस्तू स्वीकारणारा वैद्यही त्यातून सुटत नाही. दुसरे, काचेच्या नळीला रबरी फुगा लावलेला स्वस्त पंप आजही दुकानांत लटकलेला दिसतो. त्याच्या फुग्यात दूध शिरते, तो आतून स्वच्छ होत नाही, आणि दाब आवरता न आल्याने चुचुकास इजा होते. तो ठेवूच नये. त्याऐवजी सर्व भाग सुटे होणारा, उकळता येणारा साधा हातपंप, शीतपिशवी व रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्या ठेवाव्यात. नवा पंप घेणाऱ्या मातेस त्याचे कवच योग्य मापाचे आहे की नाही, हे विचारणारा विक्रेता आम्हाला अजून भेटावयाचा आहे. वेदना होत असतील, तर बहुधा दोष मापाचाच असतो.

बाळ वर्षाचे झाले, वरण-भात खाऊ लागले, की कामाच्या वेळेतील दूध काढणे थांबवता येते. एकदम बंद करू नये. दर चार-पाच दिवसांनी एक बैठक कमी करावी, स्तन जड वाटल्यास केवळ आराम पडेल इतकेच काढावे. सकाळ व रात्रीचे पाजणे यानंतरही पुढे कितीही महिने चालू राहू शकते, कारण स्तन तोवर त्या दोन वेळांशी जुळलेले असतात.